मिरच्यांपायी बाटलो

...आन वरून मलेच इचारते, "काका, साऱ्या गावाची नाली तुंबते, तुमच्याच घरासमोरची काऊन नाही तुंबत?" आता सांगा! अरे, तू नाली काढाले आला ना बाप्पा? हातात फावडं हाये ना? चिखल समोर हाये ना? मंग काढ ना! नाली कोनाकडून कोनाकडं वाह्यते, ह्याचं तुले काय करा लागते? पन नाही. एक फावडं मारन, आन एक सवाल इचारन. एक फावडं, एक सवाल. झाडा ना बापा, इचारता काहाले?

तुमाले सांगतो, बसा जरा, उठू नोका, तुमचं काय, तुमी आयकून घरी जासान, हातपाय धुसान, जेवसान, झोपसान... मले त्याच गावात राहा लागते. म्या उकंडराव. चार वावरं, एक इहीर, एक बायको, आन सारे म्हनते की तोंड वाईट हाये. असन. खोटं कोन म्हनते?

त झालं असं की मांगच्या साली सोराज आलं. आलं म्हनते. आमच्या गावात थे कोन्या रस्त्यानं आलं थे मले काई दिसलं नाही, नाल्याले पूल नाही, त थे बी बैलगाडीनंच आलं असन आन मधातच रुतलं असन. पन यंदाच्या उन्हाळ्यात सोराजाच्या मांगं मांगं एक मास्तर आले. भगवानराव मास्तर. बुलढान्याच्या शाळेत नागरिकशास्तर शिकवते. आता आमच्या टायमाले शास्तर म्हनलं की भट सांगे थे, आन म्या त दुसरीतूनच घरी आलतो, म्हनून मले वाटलं की हेही काई एकादशीचं वगैरे असन. संगं पोट्टे, ह्या एवढाल्या चष्म्यायचे, अंगात खादी, पायात नवी चप्पल, आन हात... हात असे नरम की लोनी! म्या म्हनलं हे काय काम करतीन?

मास्तर हात जोडून म्हनते, "आम्ही आपल्या गावाची सेवा करायला आलो आहोत."

म्या म्हनलं, "करा. आमी काई नाही म्हनत नाही. आजपर्यंत कोनी आलं नाही म्हनून राह्यली."

"सकाळी सेवा आणि दुपारी अभ्यास," मास्तर म्हनते. "सकाळी ज्या कामाला हात लावायचा, दुपारी त्याच कामावर विचार करायचा. नागरिक म्हणजे कोण, सामाजिक न्याय म्हणजे काय, हे या मुलांनी पुस्तकातून नाही, कामातून शिकायचं."

म्या म्हनलं, "मास्तर, कामातून घाम निंगते. दुसरं काई निंगल्याचं म्या त पाह्यलं नाही."

मास्तर हसले. मास्तर हसत असे बरं का, थेच वाईट होतं त्याईचं. मानूस भांडलं त भांडता येते, हसलं त काय करता?

आता सेवा कराले आले, पन राह्यतीन कुठं? आमचा शेषराव पाटील, गावातला मोठा मानूस, मोठा म्हनजे पोटानंही, थो म्हनते, "उकंडरावची ओसरी मोठी हाये!" स्वताची माडी हाये त्याची, पन ओसरी माही मोठी! झालं. सेवेकरी माह्या ओसरीवर. आन आमच्याकडची रीत तुमाले मालूमच हाये, घरी पाव्हना आला की त्याले गिलास उचलू देत नाही. सेवेकऱ्यायले सकाळी पानी कोन तापवून देईन? आमी. दूध? आमी. भाकरी? माह्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, थापून थापून हाताचे फोड दाखवले मले. म्या मास्तरले म्हनलं, "मास्तर, तुमी गावाची सेवा करून राह्यले, आन गाव तुमची, हिसाब बरोबर सुटून राह्यला, आता घरी गेले त चालन." मास्तर हसले.

आन मंग सुरू झालं. पहिल्या दिशी शेषरावची गल्ली झाडली. काय झाडली! म्या खोटं कशाले बोलू, अशी साफ की कोंबड्या बावचळल्या, त्याईले टोचाले काईच नाही. शेषराव खुश. माडीवरून पाहून राह्यला, सुपारी कातरून राह्यला. दुपारी लिंबाखाली अभ्यास. मास्तर म्हनते, "पाटीलसाहेब, आपणही या." गेला बिचारा. एक चष्मेवाला पोट्टा उठते आन इचारते, "पाटीलकाका, ही गल्ली रोज कोण झाडतं?"

"रुक्मिनी झाडते. नाल्यापल्ल्याडची."

"तिला काय मिळतं?"

"भाकर मिळते ना! आमी काई कोनाले उपाशी ठेवत नाही."

"आणि तिच्या घरासमोर कोण झाडतं?"

आता शेषरावले खोकला आला. म्हनजे खरा नाही आला, आनला. थो खोकला अभ्यास संपेपर्यंत चालला. संध्याकाळी मले म्हनते, "उकंड्या, हे पोट्टे झाडू बरा मारते रे, पन ह्याईचं तोंड कोन झाडन?" आन खरं सांगतो, आयुष्यात पहिल्या बार मले शेषरावचं पटलं. झाडा ना बापा, इचारता काहाले?

हे चाललंच असतं, आन काई बिघडलं नसतं. नाल्या साफ झाल्या, उकिरडे गावाबाहीर गेले, शेषरावले खोकला झाला, मले काय? माहं सारं ध्यान मिरचीत होतं. आमचा भाग तुमाले मालूम हाये, सातपुड्याच्या खालचा, खाऱ्या पान्याचा. कुठंही खंदा, तोंडात घालवत नाही असं पानी. अख्ख्या गावात गोड पान्याच्या इहिरी दोन. एक गावची, पारापाशी. दुसरी माही, वावरातली, गावाले लागूनच. त्या इहिरीच्या भरवशावर म्या उन्हाळी मिरची लावतो. भर उन्हाळ्यात कोनाकडंच हिरवं पान नसते, तवा संग्रामपूरच्या बाजारात माही मिरची जाते, आन यापारी मले "या उकंडराव, बसा उकंडराव" म्हनते. वर्सभर मले कोनीच बसा म्हनत नाही हो. त्या मिरचीपायी म्हनते. माह्या पायाखाली जमीन हाये असं मले त्याच दिवसात वाटते. थे मिरची गेली की म्या नुसता तोंडाळ बुढा.

मिरचीले मोटीचं पानी, आन मोट हाकाले तुळशीराम. तुळशीराम माहा सालदार, वर्साच्या बोलीवर ठेवलेला गडी. रुक्मिनीचा नवरा. महारवाड्यातला. कमी बोलते. कमी बोलनाऱ्या मानसाचं मले भेव वाटते, काऊन की थो काय इचार करते थे समजत नाही.

त मास्तरनं एक दिवस जाहीर केलं, "उद्यापासून गावच्या विहिरीतला गाळ काढायचा." सारे म्हनले वा वा! पानी तळाले गेलं होतं, पोहऱ्यात अर्धा चिखल येत होता. आता हे काम दरसाल होते. दरसाल तुळशीराम आन त्याचे भाऊबंद इहिरीत उतरते, टोपल्यानं गाळ काढते, वर येते, आन मंग आमी पाच घागरी पानी उपसून फेकून देतो, नारळ फोडतो, झाली इहीर चोखी. मंग वर्सभर त्याईनं तिले हात लावाचा नाही. रुक्मिनीनं काठापासून दूर घागर ठेवून बसाचं, कोनी बाई आली, तिले दया आली, त तिनं वरून ओतावं. नाही आली दया त बसावं. असंच होतं. माह्या बापाच्या टायमालेही असंच होतं. म्या काई हे पैदा केलं नाही.

यंदा फरक एवढाच की पोट्टेही उतरले. तुळशीरामच्या संगं! थे नरम हात, थे चष्मे, सारे गाळानं असे माखले की कोन बामनाचा, कोन कोनाचा, काई वळखू येईना. मास्तर स्वता टोपल्या वर वढून राह्यले. मेहनत केली हो, म्या नाही म्हनत नाही, हाताची सालटं निंगाले लागली. आन तळाचा झरा मोकळा झाला, आन पानी आलं... असं निर्मळ पानी, की वरून पाह्यलं त आपलं थोबाड दिसे. म्या पाह्यलं आन मांगं सरकलो.

सारे वर आले. तुळशीराम सगळ्याईच्या शेवटी आला. आन येताना त्याच्या खांद्यावर रुक्मिनीची घागर. भरलेली.

तुमाले सांगतो, पारावरच्या साऱ्याईच्या माना त्या घागरीकडं वळल्या. शेषराव उठला. "तुळश्या! घागर कोनं भरली?"

"म्या भरली, पाटील. गाळ आमी काढला, पानी बी आमीच काढतो."

"इहीर बाटवली रे यानं!" शेषराव असा बोंबलला की चार कुत्रे पळाले. आन मंग... मंग आमचे चष्मेवाले! आंगावरून गाळ गळून राह्यला, तरी इचारनं सुटलं नाही! "पाटीलकाका, हे लोक दरवर्षी आत उतरतात ना?"

"हाव."

"पाय पाण्यातच असतात?"

"मंग काय डोक्यावर उभे राह्यतीन?"

"तेव्हा विहीर बाटत नाही?"

"तवा थे गाळासाठी उतरते बे! हा पेयासाठी भरून राह्यला!"

"मग आताही पाच घागरी फेकून द्या, नारळ फोडा."

मास्तर म्हनते, "पाटीलसाहेब, विहीर सर्वांना खुली, असा आता तर कायदाच झाला आहे." शेषराव म्हनते, "कायदा नागपूरले हाये, इहीर अठी हाये!" आन गावाकडं तोंड करून म्हनते, "आयका रे! आजपासून ह्या इहिरीचं पानी कोनी पेनार नाही! आपन सारे उकंडरावच्या इहिरीवर जाऊ. धर्म आता उकंडरावच्या हाती हाये!"

आता म्या मानूसच हाये. धर्म आजपर्यंत कोनी माह्या हाती देला नव्हता, पावलीही कोनी देत नाही. सारे माह्याकडं पाहून राह्यले, कोनी म्हनते, "उकंडरावदादा, तुमचाच आसरा," आन जो शेषराव मले जन्मभर उकंड्या म्हनला, थो म्हनते उकंडराव! माही छाती फुगली. म्या म्हनलं, "या ना, या! आपलीच इहीर हाये!" घरी येऊन सत्यभामाबाईले म्हनलं, "धर्म माह्या हाती हाये." तिनं म्हनलं, "मंग हात धुऊन जेवाले बसा."

दुसऱ्या दिशी सकाळी वावरात गेलो... अरे बाप रे! गाव लोटलं होतं, गाव! बाया, घागरी, कळशा, पोहरे, दोर, म्हशी, वासरं, लेकरं आंघोळी करून राह्यले, कोनी गोधडी धुवून राह्यलं, माह्या मिरचीच्या वाफ्यावर पाय देऊन देऊन बुढ्या उभ्या! आमचा फकीर मोहम्मद, बांगड्या विकते, माहा जुना दोस्त, थो बांधावर बसून म्हनते, "उकंडभाऊ, तुमारे कुएं पे तो उर्स लग गया! मैं दुकान यहीच लगा दूँ क्या?" म्या म्हनलं, "लगा बाप्पा, तूही लगा."

आन पानी किती? इहीर हाये, काई पूर्णा नदी नाही. ऊन चढेपर्यंत तळ दिसाले लागला. तुळशीराम मोटीवरून म्हनते, "मालक, मोट चिखल वढून राह्यली." म्या मिरचीकडं पाह्यलं. पानं अशी खाली... जसं कोनी रागावल्यावर लेकरू मान टाकते तशी. फुलं गळून राह्यली. म्या म्हनलं आता? कोनाले नाही म्हनू? सारे सोयरे. पान्याले नाही म्हनलं त उद्या माह्या तिरडीले खांदा कोन देईन? म्या तुळशीरामकडं पाह्यलं, थो मले म्हनते, "म्या काई नाही बोलत, मालक. तुमची इहीर, तुमचा धर्म." तोंड असं सरळ ठेवून म्हनला, की मले आजही समजलं नाही थो आतून हसत होता का नाही.

आन हे कमी होतं म्हनून अभ्यास माह्याच इहिरीवर! थोच चष्मेवाला मले हळूच बाजूले घेते. "काका, एक विचारू?"

"नोको इचारू."

"तुळशीरामदादा रोज तुमची मोट हाकतात. दोर, मोट, पाणी, सगळ्याला त्यांचाच हात. मग तुमची विहीर चोखी कशी?"

"थे पानी मिरचीले जाते ना बे! मिरचीले काई जात असते का?"

"पण तेच पाणी आता पाटीलकाका पितायत."

म्या त्याचं तोंड दाबलं! खरंच, हातानं दाबलं! चष्मा खाली पडला त्याचा. शेषराव तिकडं हात लांब करून माह्याच इहिरीचं पानी गटगट पेऊन राह्यलता, आन म्हनत होता, "वा, चोख पानी!" हे जर त्याले उमजलं त गाव मले उभा फोडन, म्हननार उकंड्यानं साऱ्याईले बाटवलं. म्या पोट्ट्याले म्हनलं, "तुह्या मायची आन, हे कोनाले बोलू नोको." पहा, म्हनजे आता हे इचारतही नाही, आता हे बरोबर असते! नुसतं इचारत होते थेच बरं होतं.

घरी आलो. जेवन जाईना. सत्यभामाबाईले सारं सांगतलं. म्हनलं, लोकायले नाही म्हनता येत नाही, हो म्हनलं त मिरची मरते. तिनं भाकर उलटवली, आन चुलीकडंच पाह्यत म्हनते, "लोकं तुमच्या इहिरीवर काऊन येते?"

"थे चोखी हाये म्हनून."

"मंग तुमी जाऊन बाटून या."

"आं?"

"तुमी बाटले त तुमची इहीर बाटली. कोन येईन मंग?"

तुमाले सांगतो, हे बाई कधी लिंबाखाली अभ्यासाले गेली नाही. सांगून टाकतो, म्या तिले जाऊच देलं नव्हतं. म्या तिच्याकडं पाह्यतच राह्यलो. ती म्हनते, "पाहता काय, भाकर करपते."

दुसऱ्या दिशी उन्हं चढल्यावर गेलो गावच्या इहिरीवर. रुक्मिनी एकटीच पानी काढून राह्यलती, स्वताच्या हातानं, जराशी भेत भेत, पोहरा वर आला की चहूकडं पाहे. म्या म्हनलं, "रुक्मिनी, पानी पाज."

"मालक, ऊन लागलं का तुमाले?"

"पाज म्हनतो ना!"

ती पोहरा धरून उभी. म्या वाकलो, ओंजळ केली, आन पाह्यलं त... पारावर कोनीच नाही! सारे माह्या इहिरीवर! अरे, बाटाले गवाह पायजे ना! एकट्यानं बाटून काय फायदा? म्या वरडलो, "अरे कोनी हाये का?" शेषराव माडीवर घोरत होता, थो उठला, खिडकीत आला. म्या म्हनलं, "शेषरावभाऊ! इकडं पाहा! नीट पाहा! म्या पेऊन राह्यलो!" आन पेलो. गट, गट, गट. आन खरं सांगू? पानी बरं होतं. थंड, साफ, चिखलाचा वास नाही. चांगला गाळ काढलता त्याईनं. म्या आनखी एक ओंजळ मांगतली.

शेषराव धोतर सावरत खाली आला. "उकंड्या! बाटलास रे! आजपासून तुह्या घरचं पानी बंद! तुह्या चिलमेचा झुरका बंद! तुह्या इहिरीचं पानी गावातलं कोनी पेनार नाही!"

म्या म्हनलं, "कोनीच?"

"कोनीच!"

"नक्की ना? मांगं नाही फिरसान ना?"

"शेषराव बोलला थे बोलला!"

मले रडूच आलं, आनंदानं. तवर मास्तर पळत आले, संगं पोट्टे, त्याईनं पाह्यलं रुक्मिनी पानी पाजून राह्यली, उकंडराव पेऊन राह्यला, उकंडरावच्या डोळ्यात पानी... मास्तरनं मले गळ्यालेच लावलं! "उकंडराव, तुम्ही आज या मुलांना जे शिकवलंत, ते मी वर्षभरात शिकवू शकलो नाही!" पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या. म्या म्हनलं, "मास्तर, म्या काई शिकवलं नाही, म्या..." आन आता काय सांगू? म्या मिरचीसाठी बाटलो असं सांगू? चष्मेवाला इचारते, "काका, हे करायचं तुमच्या मनात केव्हा आलं?" म्या म्हनलं, "भाकर करपली तवा." त्याईनं थेही मोठं गहन बोलनं समजून माना हालवल्या! तुमीच सांगा, झाडा ना बापा... इचारता काहाले?

तुळशीराम जवळ आला. हळू म्हनते, "मालक, मिरचीपायी पेले ना?"

म्या इकडं तिकडं पाह्यलं. "...हाव."

"काई हरकत नाही. रुक्मिनीनं घागर भरली, थे भरली." आन गेला मोटीवर.

त्या दिशीपासून माही इहीर मोकळी. कोनी फिरकेना. फकीर मोहम्मद एकटा येऊन बसे, म्हने, "उर्स उठ गया क्या, भाऊ?" मिरचीनं मान वर केली. पन गावाचं काय? आता दोन्ही गोड इहिरी बाटलेल्या! उरलं खारं पानी. शेषराव म्हने, "खारं त खारं, चोखं हाये!" आन पेलं त्याईनं काई दिवस, पेलं. पन खाऱ्या पान्यात डाळ शिजत नाही हो! तुरीची डाळ टाका, सकाळपासून सांजपर्यंत उकळा, दाना न दाना येगळा. चहा नासे. शेषरावची बायको गीताबाई, तिनं एका दिशी थे न शिजलेलं वरन नवऱ्याच्या ताटात असं वाढलं, म्हनते की त्याचा आवाज आला, दगडासारखा. आन दुसऱ्या सकाळी ती कळशी घेऊन सरळ गावच्या इहिरीवर! तठी रुक्मिनी आधीची उभी. गीताबाई थांबली. रुक्मिनीही थांबली. मंग रुक्मिनी म्हनते, "भरा बाई, माहं झालं." आन गीताबाईनं पोहरा टाकला. म्या पारावरून पाह्यलं. तिच्या मांगून दुसरी आली, तिसरी आली. शेषराव कोनाले काईच बोलला नाही, त्याले वरन पायजे होतं. कोनी अजूनही नाक मुरडते, कोनी दोर धुऊन घेते, पन पानी एकाच इहिरीचं. मास्तर म्हनते, ही जागृती हाये. असन. मले त थे डाळच दिसली.

म्या म्हनलं, झालं. मिरची वाचली, गाव निवलं, आता पोट्टे जातीन, आन म्या ओसरीवर आडवा होईन. शेवटच्या दिशी मास्तर म्हनते, "उकंडराव, आज शेवटची सेवा तुमची. तुमची मिरची तोडून देतो." आता फुकट तोडनारे कोनाले नोको? म्या म्हनलं, "तोडा ना!" सकाळपासून लागले, तुळशीराम, रुक्मिनी, सारे पोट्टे, टोपल्यांवर टोपल्या, लाल-हिरवी अशी झगझग, हाताची आग आग होऊन राह्यली त्याईची, तरी तोडून राह्यले. मले वाटलं, देवा, ह्याईले औक्ष दे. इतकं वाटलं बरं! आन दुपार झाली.

दुपार झाली की तुमाले मालूमच हाये. आंब्याखाली बसले. मास्तर हसले. म्या म्हनलं, म्या घरी जातो. मास्तर म्हनते, "बसा ना उकंडराव, आज तुमच्याच वावराचा अभ्यास." चष्मेवाला उठला.

"काका, ही मिरची लावली कोणी?"

"...तुळशीरामनं."

"पाणी कोणी दिलं?"

"तुळशीरामनं. म्हनजे इहीर माही..."

"निंदली कोणी?"

"रुक्मिनीनं."

"बाजारात 'या, बसा' कोणाला म्हणतात?"

हे त्याले कोनं सांगतलं? सत्यभामाबाईनंच सांगतलं असन! सारे माह्याकडं पाहून राह्यले. कोनी शिव्या देल्या असत्या त म्या दुप्पट देल्या असत्या, पन कोनी काईच म्हनत नाही, नुसतं थांबून राह्यले. आन मले खोकला आला. म्हनजे... आनला. पन शेषरावसारखा जमला नाही, दोनदा खोकलो आन संपला.

तुळशीराम खाली पाहून मिरचीचे देठ मोडून राह्यलता. म्या म्हनलं, "तुळशीराम, तुह्या सालाचं... बोलू आपन."

साऱ्या पोट्ट्यायनं माना हालवल्या. मास्तर हसले. म्या म्हनलं सुटलो. संध्याकाळी पोट्टे बैलगाडीत बसले, हात हालवले, सत्यभामाबाईनं त्याईच्या संगं भाकरी बांधून देल्या आन डोळेही पुसले, माह्यासाठी कधी पुसले नाही. गाडी नाल्यात उतरली, वर चढली, दिसेनाशी झाली. म्या मोठा श्वास घेतला. वळून पाह्यतो त तुळशीराम उभा. टोपली डोक्यावर, जसा रोज उभा राह्यते तसाच.

"मालक, सालाचं बोलू म्हनले होते. कवा?"

"बोलू ना. पाडव्याले, नवं साल ठरते तवा."

"पाडव्याले त पुढच्या मिरच्या. ह्या आताच्या हायेत."

"बरं, मंग उद्या."

"उद्या सकाळी का उद्या दुपारी?"

म्या त्याच्याकडं पाह्यलं. जन्मभर कमी बोलनारा मानूस. भांडलाही नाही, आवाजही चढवला नाही, टोपलीही खाली ठेवली नाही. नुसतं उत्तर मांगून राह्यला.

म्या म्हनलं, "सकाळीच ये बापा. दुपारपर्यंत माहा इचार बदलन."